पुणे ते देवगड, कुठल्या घाटाने? (प्रकल्प नोंदी)

७ जानेवारी २०२४, रविवार

आजपासून तारखेने लिहून ठेवतोय, कारण मागच्या वेळी सगळं डोक्यात ठेवलं आणि दोन महिन्यांत विसरून गेलो. आधी काम काय ते लिहितो. गाव देवगड तालुक्यात, जामसंड्याच्या अलीकडे, आणि आम्ही राहतो पुण्यात वारज्याला. वर्षातून पाच-सहा वेळा गाडी घेऊन जाणं होतं आणि दर वेळी आदल्या रात्री जेवताना तोच विषय निघतो, उद्या कुठून जायचं. मला लवकर पोचायचं असतं. बायकोला चालवायला मजा येईल असा रस्ता हवा असतो, अर्धा रस्ता तीच चालवते त्यामुळे तिचं म्हणणं रास्त आहे. आईला घाटात गाडी लागते, तिला वळणं नकोत, दोन तास जास्त गेले तरी चालतील. मुलगी नऊ वर्षांची, तिला खिडकीतून सतत काहीतरी दिसलं पाहिजे.

फोनमधल्या नकाशाला यातलं फक्त माझं म्हणणं कळतं. तो मिनिटं मोजतो, आणि तीन रस्ते दाखवले तरी त्यातला एक निळा आणि बाकीचे करडे, म्हणजे ठरवून मोकळा. मला असं काहीतरी करायचंय की गाडीत कोण बसलंय ते आधी सांगायचं आणि मग रस्ता विचारायचा. पायथनमध्ये प्रोग्राम लिहिता येतात, नकाशाचा डेटा फुकट मिळतो, शनिवार-रविवार आहेत. आंब्याच्या आधी, म्हणजे मे महिन्यापर्यंत, चालू झालं पाहिजे.

१४ जानेवारी, रविवार

जिओफॅब्रिक नावाच्या साईटवरून ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून काढलेला फुकट नकाशा) भारताच्या वेस्टर्न झोनची आणि, निपाणी कर्नाटकात म्हणून, सदर्न झोनची फाईल उतरवली आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि निपाणीपुरतं बेळगाव एवढा तुकडा कापून घेतला. मग त्याचा ग्राफ केला, म्हणजे प्रत्येक तिठा हा एक ठिपका आणि दोन ठिपक्यांमधला रस्ता ही एक रेघ, आणि प्रत्येक रेघेला एक वजन.

हे वजन म्हणजेच सगळा खेळ आहे. रस्ता शोधायची पद्धत फार जुनी आहे. डायक्स्ट्रा नावाच्या डच माणसाला १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर कॅफेत कॉफी पिताना ती सुचली, कागद-पेन्सिल नसताना, वीस मिनिटांत, आणि १९५९ मध्ये छापून आली. पहिल्यांदा दाखवताना त्याने नेदरलँडमधल्या ६४ शहरांचा नकाशा घेतला होता. आजही गाभा तोच आहे. आणि मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की त्या पद्धतीला वजन कशाचं आहे याच्याशी काही घेणं नाही, किलोमीटर द्या, मिनिटं द्या, रुपये द्या, वळणं द्या, ती फक्त बेरीज सगळ्यात कमी कुठे येते ते बघते. म्हणजे आमच्या घरातला वाद हा रस्त्याचा नाहीच, वजन काय धरायचं याचा आहे.

पहिली चाचणी, नुसते किलोमीटर. कऱ्हाडच्या पुढे हायवे सोडून कोकरूड, मलकापूर, येळवण जुगाई, अणुस्कुरा घाट, ओणी असं आतून घेऊन गेला. थोडेच किलोमीटर वाचतात आणि त्यासाठी प्रत्येक गावच्या एसटी स्टँडसमोरून जायचं. दुसरी चाचणी मिनिटांवर, तर कोल्हापूर, कळे, साळवण, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे, नांदगाव, देवगड. हाच आमचा नेहमीचा रस्ता. म्हणजे गणित ताळ्यावर आहे.

२१ जानेवारी, रविवार

आज मजेचं वजन टाकायला गेलो आणि पूर्ण दिवस अडकलो. विचार साधा होता, चांगल्या रस्त्याला बक्षीस द्यायचं. दाजीपूरचं जंगल, राधानगरीच्या पाण्याची कडा, गगनबावड्याच्या अलीकडची झाडी, या रेघांच्या वजनातून काहीतरी वजा करायचं म्हणजे प्रोग्राम आपणहून तिकडे ओढला जाईल. वजा जरा जास्त झालं आणि वजन शून्याखाली गेलं. नेटवर्कएक्सने (पायथनमधलं ग्राफसाठीचं तयार साधन) लगेच हात वर केले, परस्परविरोधी मार्ग सापडतायत, ऋण वजनं आहेत का असं विचारायला लागलं. मग ऋण वजनं चालणारी बेलमन-फोर्ड पद्धत लावून बघितली, तर तिने सांगितलं ऋण चक्र आहे, उत्तर नाही.

कागदावर काढल्यावर कळलं. दाजीपूरच्या एका पट्ट्याचं वजन उणे पाच आहे समजा, आणि रस्ता दुतर्फा आहे. एकदा गेलं की उणे पाच, परत आलं की उणे दहा, पुन्हा गेलं की उणे पंधरा, म्हणजे जितक्या फेऱ्या तितका फायदा, गाडी त्याच जंगलात जन्मभर मागेपुढे करत राहील आणि देवगडला कधीच पोचणार नाही. म्हणजे कितीही सुंदर रस्ता असला तरी तो काहीतरी खर्च करायला लावणारच, फुकट नाही आणि उलटे पैसे देणारा तर नाहीच. म्हणून उलटं केलं. चांगल्या रस्त्याचं वजन त्याच्या खऱ्या मिनिटांएवढंच ठेवलं आणि कंटाळवाण्या रस्त्याची मिनिटं वाढवली, म्हणजे कंटाळ्याचे दहा मिनिटं बारा किंवा पंधरा धरायची. आता सगळं शून्याच्या वर राहतं आणि डायक्स्ट्रा पुन्हा चालतो.

हे लिहायला दोन ओळी लागल्या, कळायला सकाळी नऊ ते रात्री आठ.

२६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी होती म्हणून बसलो. करूळ घाट २२ तारखेपासून बंद झालाय, रुंदीकरण आणि काँक्रिटीकरणाचं काम आहे, मार्चअखेरपर्यंत बंद म्हणतायत. छोट्या गाड्या भुईबावडा घाटाने, मोठ्या फोंड्याने. माझी फाईल त्याच्या आधीची, त्यामुळे प्रोग्राम अजूनही खुशाल करूळने पाठवतोय. हाताने त्या रेघा काढून टाकल्या आणि बंद रस्त्यांसाठी एक वेगळी यादीच केली, तारखेसकट, कारण पावसाळ्यात वरंध त्या यादीत येणार, दरड आली की कुठलाही घाट येऊ शकतो.

या निमित्ताने पूर्ण प्रकल्पाची मांडणीच बदलली आणि मला वाटतं आजचा दिवस सगळ्यात कामाचा गेला. अडचण अशी होती की दुसरा, तिसरा, चौथा पर्याय मागितला की प्रोग्राम तोच रस्ता देतो, फक्त पेठ नाक्याला सर्व्हिस रोडवर उतरून परत वर चढवतो, आणि म्हणतो हा वेगळा. येन नावाच्या संशोधकाची १९७१ ची पद्धत आहे, तिच्याने क्रमाने पर्याय मिळतात पण असे हजारो नकली पर्याय ओलांडल्याशिवाय खरा वेगळा रस्ता येतच नाही.

मग डोक्यात आलं की आपल्याकडे सह्याद्री आहे. उत्तर-दक्षिण उभी भिंत, आणि देशावरून कोकणात उतरायचं तर त्या भिंतीतल्या कुठल्यातरी दारातूनच जावं लागतं. दारं मोजकी आहेत आणि सगळी नावाने माहीत आहेत. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली. म्हणजे हजारो पर्याय शोधायचेच नाहीत, प्रत्येक दारासाठी एक उत्तम रस्ता काढायचा, पुण्यापासून घाटमाथ्यापर्यंत आणि पायथ्यापासून देवगडपर्यंत, आणि ही दहा उत्तरं समोर ठेवायची. आजोबासुद्धा असंच विचारायचे, कुठल्या रस्त्याने आलास असं नाही, कुठल्या घाटाने आलास. विचारायची पद्धत आधीपासून भाषेत होती, मी ती आज प्रोग्राममध्ये घातली.

दहातली पाच लगेच गळली. आंबोलीने आलं तर संकेश्वर, आजरा करत सावंतवाडीला उतरून उलट वर यायचं, मोठा फेरा. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी आणि कुंभार्लीने उतरलं की उरलेलं सगळं कोकण मुंबई-गोवा हायवेने, आणि त्यात आरवली ते वाकेडचा टप्पा अजून अर्धवट. आईसाठी ताम्हिणी मात्र ठेवली, कारण माणगावच्या पुढे सरळ आहे आणि कशेडीला आता बोगदा आहे. उरले भुईबावडा, फोंडा, अणुस्कुरा, आंबा. करूळ यादीत आहे, उघडला की घेऊ.

४ फेब्रुवारी, रविवार

वळणं आणि चढ.

वळणासाठी रस्त्यावरचे लागोपाठचे तीन बिंदू घ्यायचे, त्यातून जाणारं वर्तुळ काढायचं, त्याची त्रिज्या म्हणजे वळणाची त्रिज्या. तीन बाजूंचा गुणाकार भागिले त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची चौपट, शाळेतलं सूत्र आहे. त्रिज्या ३० मीटरच्या खाली असेल तर ते पोटात जाणवणारं वळण. अशा वळणांची लांबी मोजली. इथे फक्त एक सांभाळायचं, नकाशात ज्याने घाट काढलाय त्याने बिंदू विरळ टाकले असतील तर वळण सरळ दिसतं. भुईबावड्यात दोन ठिकाणी तसं होतं, उपग्रहाच्या चित्रावर बघून बिंदू वाढवून दिले, ते सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

चढासाठी एसआरटीएम नावाचा जमिनीच्या उंचीचा डेटा, नासाच्या एंडेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत रडारने मोजलेला, ३० मीटरचा एक चौकोन. सपाटीला छान आहे. घाटात मात्र रस्ता कड्याला खोदलेला असतो, एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला दरी, आणि ३० मीटरच्या चौकोनात दोन्ही येतात. मग प्रोग्रामला वाटतं गाडी चाळीस मीटर वर उडी मारते आणि लगेच पन्नास मीटर खाली पडते. भुईबावड्यात एका पट्ट्यावर ३८ टक्के चढ दाखवला, असा चढ घाटरस्त्याला नसतोच. उपाय म्हणून घाटाच्या माथ्याची आणि पायथ्याची उंची तेवढी खरी धरली आणि मधली रस्त्याच्या लांबीवर सारखी वाटून टाकली. घाटरस्ते बांधतानाच चढ सांभाळून बांधलेले असतात त्यामुळे हे सत्याच्या जवळ जातं.

१८ फेब्रुवारी, रविवार (गावाहून, रात्री)

काल पहिली खरी फेरी झाली, फक्त मी आणि बायको. मुद्दाम भुईबावड्याने. फोनवर दर दोन सेकंदाला जागा नोंदवत गेलो.

खंबाटकीला एक गोष्ट तपासली, पुण्याहून जाताना घाट चढावा लागतो आणि येताना बोगदा आहे, म्हणजे जायचं आणि यायचं वजन एकच धरून चालत नाही. ग्राफमध्ये ते बरोबर आलंय. शेंद्र्याच्या पुढे कागलपर्यंत सहापदरीचं काम चालूच, दर थोड्या वेळाने डावीकडे वळवतात, आणि कराड-मलकापूरला उड्डाणपुलाच्या कामामुळे चालत जाणारा माणूस आपल्या पुढे. माझ्या वेगांच्या टेबलात तिथे ताशी ८० होते. खरे निघाले ५२.

पण खरा धडा कोल्हापूरच्या पुढे मिळाला. फुलेवाडी सोडलं, बालिंग्याचा पूल ओलांडला आणि उसाच्या ट्रॉल्या लागल्या. हंगाम चालू आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस बाजूने फूट-दीड फूट बाहेर आलेला, मागे दिवा नाही, लाल कापड किंवा तेही नाही, आणि रस्ता दोन पदरी. ओव्हरटेक करायला गेलं की समोरून रिकामी ट्रॉली उड्या मारत येते. कळ्यापर्यंत आम्ही एकामागून एक पाच ट्रॅक्टरांच्या मागे होतो. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, त्यांचाच रस्ता आहे आणि बारा महिन्यांची मेहनत त्या ट्रॉलीत आहे, पण माझ्या प्रोग्रामला हे माहीत पाहिजे. गाळप मार्चमध्ये आटोपतं. म्हणजे हाच रस्ता फेब्रुवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसराच.

साळवणच्या पुढे मोकळं झालं आणि मग बायकोने चालवायला घेतली. भुईबावडा अरुंद आहे, करूळची सगळी गर्दी तिथे आलेली, एसटी समोर आली की एकाने थांबायचंच. पण तिला तो फार आवडला. तिने सांगितलं ते तसंच लिहून ठेवतो, "वेग कमी असला तरी इथे माझा हात आणि रस्ता एकमेकांशी बोलतात, हायवेवर मी फक्त बसलेली असते." घाटातला सरासरी वेग ताशी २३ आला. दारापासून दारापर्यंत आठ तास दहा मिनिटं, त्यात चहा आणि नाष्टा पन्नास मिनिटं.

अंगणात गाडी लावल्यावर काकांचा पहिला प्रश्न, "खंयच्या घाटान इलात?" भुईबावडा म्हटल्यावर, "फोंड्यान येवक काय झाला? रस्तो बरो आसा तो."

२४ फेब्रुवारी

टेबलात महिना ही एक गोष्ट वाढवली. ऑक्टोबरअखेर ते मार्च, कोल्हापूर-कळे आणि कोल्हापूर-हळदी-भोगावती या पट्ट्यांना ऊस. बाकी काही केलं नाही, ऑफिसचं काम होतं.

८ मार्च, शुक्रवार, महाशिवरात्र

कुणकेश्वरच्या जत्रेला सगळे आलोय. आई, मुलगी, बायको, मी. या वेळी फोंड्याने, काकांचं ऐकून.

नवीन प्रयोग केला. एका वहीच्या पानावर चार रकाने, प्रत्येकाचं नाव, आणि डावीकडे ठिकाणं. खंबाटकी, सातारा, कराड, किणी नाका, हळदी, राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, नांदगाव, शिरगाव, जामसंडे. प्रत्येक ठिकाण गेलं की मागचा पट्टा कसा होता त्याला एक ते पाच गुण. वही मुलीकडे. तिने हे काम फार मनावर घेतलं, कोणी उत्तर द्यायला वेळ लावला तर पुढच्या सीटवर थाप मारायची.

पहाटे साडेचारला निघालो त्यामुळे कराडला अडकलो नाही. हळदीपर्यंत ट्रॉल्या होत्या पण कमी. राधानगरीच्या पुढे रस्ता जलाशयाच्या बाजूबाजूने जंगलात शिरतो, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आहे ते. आई तिथे डोळे मिटून, ओढणी नाकाला, हातात लिंबू. पुढे घाट येणार हे माहीत असल्यामुळे ती आधी अर्धा तास अशीच बसते. गव्यांची पाटी आली तेव्हा मुलीने तिला उठवायचा प्रयत्न केला.

वही आत्ता समोर आहे. दाजीपूरचा पट्टा: बायको ५, मी ४, मुलगी ४, आई १. फोंडा घाट: बायको ४, मी ४, मुलगी ३, आई २. सातारा ते कराड: बायको १, मी ३, मुलगी १, आई ५.

१० मार्च, रविवार

परत पोचलो. येताना हळदीच्या अलीकडे रस्त्याला लागून गुऱ्हाळ चालू होतं, धूर दिसला आणि मुलगी म्हणाली थांबू. काहिलीत रस उकळत होता, पिवळा फेस वर आलेला, एक माणूस लांब दांड्याच्या फावड्याने तो कडेकडेने ओढत होता आणि दुसरा खाली चुलवणात चिपाडं सारत होता. त्यांनी थांबायला सांगितलं, काहील उतरवली, लाकडी वाफ्यात गूळ ओतला. अजून वाहता होता तेव्हा त्यातला थोडा उसाच्या कांडक्यावर गुंडाळून मुलीला दिला, ओढला की तार येत होती. आईने स्टीलच्या डब्यात काकवी घेतली. पैसे विचारले तर फक्त गुळाचे घेतले.

तिथे ३५ मिनिटं गेली. कागदावर चौघांचे पाच. आईचाही पाच, आख्ख्या प्रवासातला हायवे सोडून एकच.

आता ही ३५ मिनिटं माझ्या प्रोग्रामच्या दृष्टीने काय आहेत? गाडी उभी होती, रेघेचं वजन नाही, रस्त्याचा भाग नाही. पण तोच रस्ता घेतला नसता तर ते गुऱ्हाळही नसतं. म्हणजे रस्त्यावर कुठे थांबता येतं हाही रस्त्याचा गुण आहे. हायवेला थांबायचं तर फूड मॉलच.

१७ मार्च, रविवार

सगळे गुण फाईलमध्ये घातले, फेब्रुवारीच्या फेरीचे आठवून (ते वेगळ्या रंगात, कमी भरवशाचे). एक गोष्ट स्वच्छ दिसते आणि ती मी आधी धरलीच नव्हती. मजा ही एक गोष्ट नाहीये. बायकोचे गुण आणि वळणांची लांबी सोबत वर जातात, आईचे त्याच वेळी खाली येतात, एकीचं वजन दुसरीचं उलटं वजन आहे. मुलीला वळणांशी काहीच घेणं नाही, पाणी, प्राणी, माणसं काम करताना दिसणं, एवढ्यावर तिचे गुण. म्हणून 'मजेचा रस्ता' असं एक बटण ठेवलं असतं तर ते चूक झालं असतं. लंडनमध्ये २०१४ मध्ये काही संशोधकांनी लोकांना दोन-दोन फोटो दाखवून कुठली जागा जास्त सुंदर, शांत, आनंदी ते विचारलं आणि त्यावरून पायी जायचे रस्ते काढले, ते वाचलंय, छान काम आहे, पण तो चालणारा एकटा माणूस. गाडीत चार जण असतात आणि उतरायची सोय नसते.

सरासरी काढायची का? दाजीपूरची सरासरी साडेतीन येते, दिसायला चांगली, पण त्यात आईचा एक बुडून जातो आणि उलटी मात्र खरी होते. म्हणून सरासरी काढून टाकली आणि सगळ्यात कमी ज्याचा गुण आहे तो धरला. ज्याला सगळ्यात जास्त त्रास, त्याच्या आकड्यावर रस्ता ठरणार. आई गाडीत नसेल तर तिचा रकाना बंद, मग भुईबावडा आपोआप वर येतो. हे मला योग्य वाटतं, बायकोलाही.

३१ मार्च, रविवार

मार्च संपला, करूळ बंदच. यादीत तारीख पुढे ढकलली.

आज वेळेचा हिशोब केला. प्रोग्रामप्रमाणे आत्ता भुईबावडा सगळ्यात लवकर, फोंडा कोल्हापूरमार्गे त्याच्यापेक्षा १२ मिनिटं जास्त, आणि कागलहून निपाणी, मुदाळ तिट्टा, राधानगरी, फोंडा असं कोल्हापूर शहर टाळून गेलं तर १९ मिनिटं जास्त. हाच तो देवगड-निपाणी रस्ता, काही मिनिटं कर्नाटकात जाऊन परत यायचं. आता फोनमध्ये साठलेल्या आमच्या जुन्या फेऱ्या काढल्या, एकाच रस्त्याच्या सहा. त्यांच्यातच सगळ्यात लवकर आणि सगळ्यात उशीर यात ५० मिनिटांचा फरक आहे. तोच रस्ता, तीच गाडी. कधी कराड, कधी किणी नाक्यावरची रांग, कधी रंकाळ्याजवळची शनिवारची गर्दी.

मग १२ मिनिटांचा फरक हा फरक आहे का? वजनकाट्याला अर्धा किलो इकडेतिकडे दिसत असेल तर आपण पन्नास ग्रॅमवरून भांडत नाही. इतकी वर्षं मी आदल्या रात्री अशा बारा मिनिटांसाठी वाद घातलाय. आता पद्धत अशी लावली: सगळ्यात लवकरचा रस्ता काढायचा, त्याच्यापासून २५ मिनिटांच्या आत जे जे रस्ते येतील ते वेळेच्या बाबतीत सारखेच समजायचे, आणि त्यांच्यातून गुणांवर निवडायचा. २५ च्या बाहेरचा फक्त कोणी मुद्दाम मागितला तरच. या पट्टीत तीन रस्ते येतात आणि आई गाडीत असेल तर पहिला नंबर निपाणीवाल्याचा लागतो, कारण हायवे जास्त वेळ मिळतो.

आणखी एक नियम घातला, हा माझ्या मनाचा आहे, डेटातून आलेला नाही. अंधार पडल्यावर राधानगरी ते फोंडा रस्ता द्यायचाच नाही. गवा रस्त्यात उभा असेल तर त्याचा रंग आणि अंधाराचा रंग एकच, आणि वजन आपल्या छोट्या गाडीएवढं. त्यांच्या घरातून आपण जातो, तर दिवसा जावं.

२१ एप्रिल

अणुस्कुरा मित्राबरोबर बघून आलो. रस्ता सुंदर, माणूस नाही, पण पाचल सोडलं तर पंक्चर काढायलाही कोणी दिसलं नाही. लहान मूल असताना नको. टायरची अवस्था आणि मोबाईलची रेंज हेही टेबलात पाहिजे, नंतर.

१२ मे, रविवार (रात्री अकरा, पुणे)

अक्षय्य तृतीयेला गावी गेलो, आज परत. उद्या पुण्यात मतदान आहे त्यामुळे आजच पोचायचं होतं, आणि मागे डिकीत आंब्याच्या सात पेट्या, पाच आमच्या आणि दोन शेजाऱ्यांच्या. पहिल्यांदाच पूर्ण प्रोग्रामवर विश्वास ठेवून निघालो. माहिती दिली ती अशी: चौघे, आई आहे, मे महिना, म्हणजे ऊस नाही, सकाळी सहाला निघणार, रात्रीच्या आधी पोचायचंच. उत्तर आलं फोंडा, राधानगरी, मुदाळ तिट्टा, निपाणी, मग हायवे.

काकांना सांगितलं फोंड्याने जातोय, त्यांनी नुसती मान हलवली आणि पेट्यांमध्ये आणखी पेंढा कोंबला.

आई पुढे बसली. हे प्रोग्रामने सांगितलेलं नाही, मार्चचे गुण बघताना माझ्या लक्षात आलं की ती नेहमी मागे डावीकडे बसते आणि तिथून समोरचा रस्ता दिसत नाही, वळण येणार हे पोटाला आधी कळतं आणि डोळ्यांना नंतर. घाट सकाळी सव्वासातला लागला, ट्रक तीन-चारच. मी तिसऱ्या गिअरवर चढवायचा मोह सोडून दुसऱ्यातच एका लयीत चढवली, ब्रेक जवळजवळ लावलाच नाही, आणि प्रत्येक वळणाआधी मुलगी मागून सांगत होती, आजी डावीकडे, आजी उजवीकडे, तिच्याकडे वळणांची यादी छापून दिली होती. गाडीभर हापूसचा वास. लिंबू डॅशबोर्डवरच राहिलं.

दाजीपूरच्या जरा पुढे आईच म्हणाली, गाडी बाजूला घे. मला वाटलं झालं. मी घाईने घेतली, पिशवी शोधायला लागलो, तर तिने दार उघडलं, उतरली आणि पदर खोचून कठड्याशी जाऊन उभी राहिली. करवंदाची जाळी होती, काळी झालेली करवंदं. म्हणाली, चाळीस वर्षं या रस्त्याने जातेय आणि इथे करवंदं असतात हे मला माहीत नव्हतं. मुलगी आणि ती, दोघींनी ओंजळभर काढली. चीक लागून बोटं चिकट, मग पाण्याच्या बाटलीवर भांडण.

निपाणीच्या पुढे कोगनोळीला निवडणुकीची नाकाबंदी, डिकी उघडून पेट्या दाखवल्या, दहा मिनिटं. बाकी कुठे थांबलो नाही, तासवड्याला चहा तेवढा. येताना खंबाटकीचा बोगदा. दुपारी अडीचला वारजे. सगळं धरून साडेआठ तास, सगळ्यात लवकरच्या रस्त्याने जेवढे लागले असते त्याच्या वीसेक मिनिटं जास्त.

पेट्या काढल्या, पेंढ्यात पसरून ठेवल्या, आणि वही उघडली. दाजीपूरचा पट्टा, आईचा रकाना, मार्चमध्ये १ होता. आज तिथे मुलीच्या अक्षरात ४ आहे, आणि बाजूला 'करवंद' असं लिहून त्यावर जांभळा डाग पडलाय. फाईलमध्ये चार टाकला. खाली शेऱ्यात लिहिलं, पुढची सीट, दुसरा गिअर, सकाळ. आता सीटसाठी वेगळा रकाना करायला लागणार, पुढच्या रविवारी.